पास्कू मिस्त्रीचा खडू

हल्ली जुन्या कारागिरांच्या नावाने गळा काढायची टूम निघाली आहे. काय ते हात, काय ती निष्ठा, अशी माणसं आता होणे नाही, वगैरे वगैरे. असं बोलणाऱ्यांपैकी एकानेही त्या कारागिरांसोबत दिवस काढलेले नसतात. मी पास्कू मिस्त्रीसाठी आठ वर्षं लेथवर गाड्यांचे बुश कातले आहेत, त्यामुळे मला ते तसलं जमणार नाही. माणूस उर्मट होता, हेकट होता, आणि आपल्याखेरीज जगात कोणाला अक्कल दिलेली नाही अशी त्याची खात्री होती. वर त्याच्या कामात खोट काढता यायची नाही. हे तर आणखीच कटकटीचं, कारण नुसता उर्मट असता तर त्याला मी पहिल्याच महिन्यात रामराम ठोकला असता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साकीनाक्याला माझा पत्र्याचा गाळा होता, त्यात एक जुनं लेथ आणि मी. पास्कूची शेड मरोळ गावठाणात, त्याच्या घराच्या पुढच्याच अंगणात, फणसाखाली. गाव मूळचं त्यांचंच. आजोबा तिथे भात लावायचे, नंतर भाताच्या जागी कारखाने आले आणि नातवाच्या वाट्याला अंगण उरलं. पास्कू इंजिनाला हात लावायचा नाही. स्प्रिंगा, शॉकप, मागचे पाटे, रिम आणि टायर, म्हणजे गाडी आणि रस्ता यांच्या मधलं जेवढं काही असतं तेवढंच त्याचं. इंजिन काय, गाडी नुसती पळवतं, पळायला गाढवालाही येतं, असं तो म्हणायचा. वळवायला आणि थांबवायला मिस्त्री लागतो.

गिऱ्हाईक आलं की हा त्याच्याकडे बघायचाच नाही. खाकी हाफपँट, ओठांत दोन-तीन कॉटर पिना धरलेल्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नाही. आधी चारी टायरांवरून हात फिरवणार. मग एकेका कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून गाडी दाबणार, सोडणार आणि ती किती वेळा हलते ते मोजणार. दीड वेळा हलून थांबली तर ठीक. तीन वेळा हलली तर पिना ओठांतून काढून मालकाला विचारणार, गाडी कोणी विकली तुम्हाला, शत्रूने का? लोक हसायचे. त्यांना वाटायचं मिस्त्री गंमत करतोय. तो गंमत कधीच करायचा नाही, त्याला येत नव्हती. टायर बघून तो मालकाचा स्वभाव सांगायचा. हा ब्रेक उशिरा मारतो, हा फुटपाथला घासतो, याची बायको गाडी चालवते आणि तीच बरी चालवते. हे सगळं मालकाच्या तोंडावर. अशाने धंदा होतो का? पण व्हायचा, कारण लोकांना शिव्या खाऊन काम चांगलं झालं असं वाटतं. मुंबईतल्या माणसाची ही जुनीच खोड आहे.

बारा-साडेबाराला सुकं बोंबील आणि भात. गाडी जॅकवर लटकत असली, मालक डोक्याशी उभा राहून घड्याळ बघत असला तरी हा आत जाऊन जेवून यायचा. एकदा एका साहेबांनी जरा घाई करा म्हटलं, तर त्यांना म्हणाला, घाई असेल तर बस पकडा, गाडी उद्या न्या.

आणि त्याचा तो खडू. चर्चच्या शाळेतल्या सिस्टरकडून तो पांढऱ्या खडूंचा डबा आणायचा. स्प्रिंग बदला, टायर बदला, काहीही करा, शेवटी त्याची एकच परीक्षा. पुढच्या टायरवर, रस्त्याला टेकतो त्या भागावरून, कड ओलांडून खाली टायरच्या भिंतीपर्यंत खडूची जाड रेघ मारायची. मग गाडी एका वळणावर जोरात घ्यायची आणि बघायचं की खडू कुठवर पुसला गेला. बरोबर कडेपर्यंत पुसला तर टायर, हवा, रिम, स्प्रिंग सगळं जमलं. खाली भिंतीवरचाही पुसला तर टायर वळणावर आडवा पडतोय, म्हणजे निवड चुकली. सोपी युक्ती, मलाही एका दिवसात कळली. पण पास्कूने तिचा धर्म करून ठेवला होता. मालक काही म्हणो, पुस्तक काही म्हणो, खडू सांगेल तेच खरं. "खडू कोणाचा जावई नाही," असं म्हणायचा, आणि असं तोंड करून म्हणायचा की जणू खडू त्यानेच शोधून काढला.

त्या काळात रुंद टायरांचं खूळ अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पसरलं होतं. कोणाच्या तरी हातात परदेशी मासिक पडायचं आणि मग साध्या घरगुती गाडीला रोडरोलरसारखी चाकं लागायची. वाकोल्याच्या एका बिल्डरच्या पोराने तर गॅस लावून स्प्रिंगाच कापून घेतल्या, गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून. झकास दिसली. त्याच दिवशी घराकडे वळताना गटाराच्या लादीवर मधोमध बसली, पुढची चाकं गल्लीत, मागची रस्त्यावर आणि पोट लादीवर. पोरगा पास्कूला स्कूटरवरून घेऊन गेला, मी मजा बघायला मागोमाग. अख्खी गल्ली जमलेली. पास्कूने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, गाडीत काही दोष नाही, गल्ली बदला. आणि चालत बसस्टॉपवर गेला. मला तेव्हा फार आवडलं होतं ते. आता वाटतं, आठ माणसं मिळून उचलत होती तिथे याने हात लावला असता तर काय झिजला असता?

मग मुलुंडचे डेंटिस्ट आले. त्यांच्याकडे सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार होती, दोन सीटांची, कापडी टपाची, कधीकाळी बोटीने विलायतेहून आलेली. विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या शर्यती व्हायच्या, त्यांत त्यांना ती पळवायची होती. डॉक्टरांनी यादीच आणलेली. आठ इंची रुंद मॅगव्हील, त्यावर मावतील ते सगळ्यांत जाड टायर, स्प्रिंगा दोन इंच कापायच्या, शॉकप जितके कडक मिळतील तितके. पास्कूने यादी ऐकून घेतली. मग विचारलं, डॉक्टर, तुम्ही दात बसवताना जबडा बघता की दुकानातला सगळ्यांत मोठा दात आणून ठोकता? डॉक्टर हसले, भला माणूस होता. पण पास्कूकडे त्यांच्यासाठी उत्तर काहीच नव्हतं. कंपनीने दिलंय ते तसंच ठेवा, कंपनीला अक्कल होती, एवढंच त्याचं म्हणणं. नव्याची टर उडवायला त्याला बरोबर जमायचं, नवं करायला सांगितलं की बोंब.

उत्तर होतं ते त्याच्या मुलाकडे. ग्लेन आयटीआय करून अंधेरी वेस्टला एका चाकांच्या दुकानात कामाला होता. बाविशीचा, कमी बोलणारा, आईवर गेलेला. बापाच्या शेडमध्ये तो रविवारी यायचा आणि बाप त्याला पाने उचलून द्यायचं काम सांगायचा. त्याच्या दुकानाला पास्कू दागिन्यांची पेढी म्हणायचा. ग्लेन गप्प ऐकून घ्यायचा. त्याच्या मावसभावाने त्याच्यासाठी मस्कतच्या एका गॅरेजचा व्हिसा काढलेला होता, तो खिशात होता, पण पोराला जायचं नव्हतं. हे त्याने माझ्या गाळ्यावर बसून मला सांगितलं होतं. त्याला मरोळलाच राहायचं होतं, त्याच शेडमध्ये, फक्त पाने उचलून द्यायला नाही.

म्हणून त्याने बापापुढे गोष्ट मांडली. डॉक्टरांची गाडी मी माझ्या पद्धतीने करतो, तुम्ही मधे बोलायचं नाही. शेवटी खडूने परीक्षा घ्या. पास झालो तर मी इथेच राहतो, तुमच्या बरोबरीने काम करतो. नापास झालो तर व्हिसा आहेच. पास्कू म्हणाला चालेल. त्याची बायको रोझीमावशी दारात उभी होती, तिने नुसता डोक्याला हात लावला. तिला आपली दोन्ही माणसं ठाऊक होती.

ग्लेनने जे केलं ते बघण्यासारखं होतं, हे मला कबूल करायला पाहिजे. आधी त्याने डॉक्टरांची यादी खालून वर केली. म्हणाला, पहिले टायर ठरवा, कारण गाडी रस्त्याला टेकते ती तेवढीच, चार तळहातांएवढी. मग शॉकप, मग स्प्रिंगा, आणि रिम सगळ्यांत शेवटी, टायरला लागेल तेवढीच. जाड टायर नकोत, एक साईज मोठे घेऊ पण रेडियल घेऊ. रिम फक्त अर्धा इंच रुंद, पण अ‍ॅल्युमिनियमची, हलकी. स्प्रिंगा कापायच्या नाहीत. कुर्ल्याच्या स्प्रिंगवाल्याकडून एक इंच बुटक्या आणि जरा जाड तारेच्या नव्या करून घेतल्या. मागचे पाटे खोलून पुन्हा बाक दिला. शॉकपमध्ये घट्ट तेल. आणि बुश रबराऐवजी नायलॉनचे, ते काम माझ्याकडे आलं. बरोबर नीट काढलेलं ड्रॉइंग. मी नेहमीच्या अंदाजाने कातून दिले. ग्लेनने व्हर्नियर लावून बघितले आणि सहाच्या सहा परत केले. अगदी नम्रपणे, काका, जरा सैल आहेत, पुन्हा करता का. वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला! मी पुन्हा केले. पण ते मला लागलं होतं, आणि लागून राहिलं होतं.

पास्कू मधे बोलला नाही, कबूल केल्याप्रमाणे. पण येता-जाता बघायचा आणि नाक मुरडायचा. रेडियल टायर तेव्हा आमच्याकडे नवे. त्यांची भिंत मऊ असते, हवा पुरती भरली तरी खाली थोडी फुगलेली दिसते. आमचे सगळे जुने मिस्त्री त्याला फसायचे, हवा कमी आहे म्हणून आणखी भरायचे आणि टायरची वाट लावायचे. पास्कूही त्यातलाच. पोट सुटलेला टायर आहे हा, मला म्हणाला, पोट सुटलेल्याने कधी धावलेलं बघितलंस? वळणावर आडवा पडतो की नाही बघ. मीही मान हलवली. नायलॉनच्या बुशांमुळे माझी मान त्या दिवसांत लवकर हलायची.

परीक्षा रविवारी मिसानंतर, आरेच्या रस्त्यावर. तिथे एक चांगलं आवळ वळण आहे, सकाळी म्हशीवाल्यांखेरीज कोणी नसतं. पास्कू चर्चमधूनच आलेला, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि खिशात खडू. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या टायरवर त्याने स्वतः रेघ मारली. त्याचा नियम होता, भार तिथेच येतो, म्हणून तोच टायर बोलतो, बाकीच्यांना विचारायचं नाही. ग्लेन चालवायला, डॉक्टर शेजारी. मी आणि पास्कू वळणाशी उभे.

ही गाडी आधी वळताना मी बघितलेली होती. अशी कलायची की आतला माणूस दार धरून बसायचा. त्या दिवशी ती आली आणि सरळ उभ्यानेच वळून गेली. तीनदा गेली, तिन्ही वेळा तशीच. टायर ओरडलासुद्धा नाही. मी पास्कूकडे बघितलं, तो टायरकडे बघत होता.

गाडी आमच्यापासून चार पावलांवर थांबली. डॉक्टर पलीकडच्या बाजूने उतरले, ग्लेन वळसा घालून त्यांच्याकडे गेला आणि ते आनंदाने त्याची पाठ थोपटायला लागले. दोघांची तोंडं तिकडे होती. पास्कू अलीकडून पुढे झाला, मी त्याच्या मागे. तो वाकला. मीही वाकून बघितलं. खडू पुसला होता बरोबर कडेपर्यंत, सुताने मारल्यासारखा, आणि त्याखाली भिंतीवर रेघ जशीच्या तशी पांढरी. एवढी चोख रेघ मी पास्कूच्या स्वतःच्या कामातही पाहिली नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने भिंतीवरच्या रेघेवर अंगठा टेकवला आणि दाबून दोन बोटांएवढा खाली ओढला.

मग हाक मारली, ये, बघ.

ग्लेन येऊन उकिडवा बसला. म्हणाला, पप्पा, अजून एकदा करू. पास्कू म्हणाला, खडू एकदाच बोलतो. डॉक्टर म्हणत होते, अहो मिस्त्री, पण गाडी तर सुंदर वळतेय. पास्कू रुमालाला हात पुसत होता. तेव्हा ग्लेनने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दत्ताकाका, तुम्ही इथेच उभे होतात. तुम्हाला काय दिसलं?"

मी म्हणालो, मी लेथवाला माणूस, मला गाडीतलं काय कळतं.

तीन आठवड्यांनी तो मस्कतला गेला. डॉक्टरांनी पास्कूला गाडीला हात लावू दिला नाही, ते त्याच टायरांवर त्याच स्प्रिंगांवर शर्यतीत उतरले आणि दुसरे आले, पेढ्यांचा पुडा घेऊन शेडवर आले. पास्कूने पेढा घेतला नाही, गोड चालत नाही म्हणाला. आणि गंमत बघा, नंतर वर्षभरात त्याच्या शेडमध्ये ज्या दोन-तीन तसल्या गाड्या आल्या त्यांना त्याने काय लावलं? एक साईज मोठे रेडियल, अर्धा इंच रुंद रिम, एक इंच बुटकी स्प्रिंग. नायलॉनच्या बुशांची ऑर्डर माझ्याकडे आली, ग्लेनच्याच ड्रॉइंगवरून. गिऱ्हाइकाने विचारलं कुठे शिकलात मिस्त्री, तर अनुभव, म्हणायचा. मी लेथवर उभा राहून त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. हलकट म्हातारा. पोराला घालवलं आणि पोराची विद्या विकतोय. बुशांचे पैसे मात्र मी घेत होतो.

ग्लेनची पत्रं आईच्या नावाने यायची. बापाला नमस्कारसुद्धा नसायचा. दीड वर्षाने एका रविवारी पास्कूने मला घरी बोलावलं. त्याची शाळा चौथीपर्यंत, माझं अक्षर बरं, तेव्हा त्याला माझ्याकडून पत्र लिहून घ्यायचं होतं. मावशीने चहा ठेवला आणि आत गेली. पास्कू सांगायला लागला, मी लिहायला. वाळवंटात दुपारी टायर तापतो, हवा सकाळी गार असताना मोज. तिथल्या लोकांचं ऐकू नकोस. शॉकपचं तेल दर सहा महिन्यांनी बदल. दीड पान झालं, सगळं टायर आणि तेल. मला त्याची चीड आली. खरं सांगतो, त्याला तोंडघशी पाडायची हौस मला केव्हापासून होती. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मिस्त्री, आरेच्या रस्त्यावरचं लिहू का? अंगठ्याचं?

त्याने विचारलं, बघितलंस तू?

बघितलं, मी म्हणालो. मला वाटलं आता हा खाली बघेल, गयावया करेल, आणि मी इतक्या वर्षांचं सगळं वसूल करीन. त्याने माझ्याकडे बघितलं, वाकोल्याच्या त्या पोराकडे बघितलं होतं तसं नाही, जरा वेगळं.

"मी बाप होतो रे, मला माज होता. मला वाटलं पोर नाही जाणार. तुला काय झालं होतं? तुला तर त्याने विचारलं होतं."

काय बोलणार? निम्मं काम तुमच्याकडून येतं म्हणून? की पोराने माझे सहा बुश परत केले म्हणून? दोन्ही खरं होतं आणि दोन्ही सांगण्यासारखं नव्हतं.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"रेघ बरोबर होती. दोघांनी बघितली, असं लिही. खाली तुझंही नाव टाक."

मी लिहिलं. त्याने कागद घेतला, लांब धरून ती ओळ एकेक अक्षर लावून वाचली, मग माझ्या नावावर बोट ठेवून ते बरोबर आहे ना म्हणून विचारलं. चहा तसाच राहिला होता. पाकीट त्याने स्वतः चिकटवलं आणि सोमवारची वाट न बघता मरोळच्या लाल पेटीत टाकायला तसाच हाफपँटवर चालत निघाला. मी दारातून बघत होतो. ग्लेनचं उत्तर आलं का, मला माहीत नाही. त्यानंतर पास्कूचे बुश मी दुसऱ्याच्या हाती पाठवत राहिलो.